शनेलचा जुना स्कर्ट-सूट: बाहेरून साधा, आतून काय?

टाकेवाली

नमस्कार मंडळी. विंटेज कपड्यांच्या धाग्यावर प्रश्न आला होता की पॅरिसच्या जुन्या ओत कुतूर (गिर्‍हाइकाच्या मापाने, बहुतांशी हाताने शिवलेल्या) स्कर्ट-सूटला लोक एवढा भाव का देतात. दिसायला तर आखूड जाकीट आणि गुडघ्यापर्यंतचा सरळ स्कर्ट. तिथे उत्तर लांबायला लागलं म्हणून वेगळा धागा काढतेय. मी शिवणाचे वर्ग घेते, तेव्हा माझं बोलणं कात्री-सुईच्या बाजूनेच असणार.

उदाहरण घेते १९५४ नंतरच्या शनेल सूटचं. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झालं तेव्हा डिझायनर गाब्रिएल शनेलने आपलं कुतूर, म्हणजे मापाने कपडे शिवून द्यायचं काम, बंद केलं होतं. ५ फेब्रुवारी १९५४ ला, वयाची सत्तरी उलटल्यावर, तिने पॅरिसच्या र्‍यू काँबाँ या रस्त्यावर ते पुन्हा उघडलं. पॅरिसच्या पत्रकारांनी नाकं मुरडली, अमेरिकेत मात्र ते कपडे उचलले गेले. तोवर पॅरिसवर क्रिस्तियाँ दिओर या डिझायनरची छाप होती. १२ फेब्रुवारी १९४७ ला त्याने दाखवलेला 'बार' सूट आठवा. मोतिया रंगाच्या शांटुंग सिल्कचं जाकीट, आवळलेली कंबर, कमरेखाली आतून पॅडिंग घालून फुगवलेला घेर, आणि खाली काळ्या लोकरीचा भरपूर चुण्यांचा स्कर्ट. 'हार्पर्स बझार' या फॅशन मासिकाच्या संपादक कार्मेल स्नो यांनी त्याला 'न्यू लुक' म्हटलं आणि तेच नाव पडलं. सुंदर कपडा आहे, पण तो अंगाला आपल्या आकारात बसवतो. शनेलने याच्या बरोबर उलट केलं. तिचा सूट बाईच्या हालचालीवरून शिवलेला आहे, आणि ते सगळं मुंढ्यात, म्हणजे बाही जिथे जोडतात त्या काखेच्या घेरात, आहे.

आपल्याकडचं बघा. ब्लाउज काखेत दाटला की आपण टेलरला सांगतो, मुंढा जरा खाली घ्या. तो घेतो. काखेत मोकळं वाटतं, पण हात वर केला की अख्खा ब्लाउज बरोबर वर येतो. कारण हात फिरतो खांद्यातून, आणि बाहीचा जोड गेलेला असतो खाली बरगडीपाशी. हात उचलला की तो जोड बाजूच्या कापडालाच ओढतो. उपाय उलटा आहे: मुंढा लहान ठेवायचा, काखेच्या अगदी जवळ वर घ्यायचा, आणि हालचालीची सूट बाहीच्या माथ्यात आणि बाहीच्या आकारात द्यायची. शनेलच्या जाकिटाचा मुंढा असा उंच आणि लहान असतो. बाही दोनऐवजी तीन तुकड्यांची. तिसर्‍या शिवणीमुळे कोपराकडे हलकासा बाक देता येतो, शिवाय मनगटापाशी खरीखुरी उघडणारी बटणं बसतात. बाही अरुंद दिसते आणि तरी हात डोक्यावर गेला तर जाकिटाची खालची कड जागेवर राहते.

शनेल रेखाटनं काढत नसे. मॉडेलच्या अंगावर कपडा चढवून, गळ्यात फितीला अडकवलेल्या कात्रीने बाही उसवायची, पुन्हा लावायची, पुन्हा उसवायची. ते ऐन शोच्या आदल्या रात्रीपर्यंत चाले.

अस्तराबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहिते.

उरेब

टाकेवालीताई, धागा आवडला. माझ्या वडिलांचं कोल्हापुरात जेंट्स टेलरिंगचं दुकान होतं, त्यामुळे कोट म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे कॅनव्हास, म्हणजे आतून लावायचं कडक कापड, येतो. छातीला कॅनव्हास, त्यावर कच्चे टाके, लेपलला वेगळे. या जाकिटांत कॅनव्हास नसतो असं ऐकलंय. मग पुढचा भाग लोंबत कसा नाही?

टाकेवाली

उरेबदादा, नेमकं तेच सांगायचं होतं.

कापड आहे बुक्ले ट्वीड. धागा गाठीगाठींचा, वीण सैल. कात्री लावली की कडा लगेच सुटायला लागतात. या कापडाची बरीच खरेदी इंग्लंडातल्या कार्लाइल शहरातल्या लिंटन ट्वीड्सकडून होई. ती गिरणी १९१२ ची, आजही चालू आहे. असल्या कापडाला मागून कडक कॅनव्हास दिला तर त्याचा मऊपणाच मरतो. म्हणून इथे आकार धरून ठेवायचं काम अस्तराकडे दिलंय.

प्रत्येक तुकडा सुटा असतानाच त्याच्या मागे रेशमी अस्तर ठेवतात आणि दोन्हींतून उभ्या टिपा मारतात, इंच-दीड इंचाच्या अंतराने. चौकड्याचं कापड असेल तर टीप चौकड्याच्या रेघेवरून जाते, म्हणजे बाहेरून ती लोकरीत बुडून जाते आणि दिसतच नाही. आतून बघाल तर रेशमावर स्वच्छ रेघा. या टिपा कडेपर्यंत नेत नाहीत, थोडं आधीच थांबतात आणि दोर्‍याची टोकं आत ओढून गाठ मारतात. का? कारण मग फक्त ट्वीडच्या कडा एकमेकांना जोडता येतात, शिवण इस्त्रीने उघडून बसवता येते, आणि त्यावर अस्तराची एक कड दुमडून दुसरीवर हाताने तुरपता येते. जाकिटाच्या आत कुठेही उघडी शिवण दिसत नाही.

आणि खाली, आतल्या बाजूने, काठावर साखळी. पितळी रंगाची, चपटी. प्रत्येक कडीला दोन्हीकडून टाके. तिच्या वजनाने जाकीट सरळ पडतं, बसून उठलं तरी आपोआप जागेवर येतं. कॅनव्हास नसलेल्या हलक्या जाकिटाला खालून ओढ द्यायचं काम ती करते. पुष्कळ लोक तिला दागिना समजतात, पण ती आत असते, दिसतसुद्धा नाही.

उरेब

वा. म्हणजे ट्वीड आणि रेशीम मिळून एकच कापड होतं. वडील असते तर त्यांना हे दाखवलं असतं. ते नेहमी म्हणायचे, कोट उलटा करून दाखवायची लाज वाटू नये.

काजांबद्दल काही सांगाल का?

टाकेवाली

बाहेरून हाताने भरलेलं काज, आणि आत अस्तराच्या बाजूला त्याच जागी रेशमाची पट्टी दुमडून केलेलं काज. म्हणजे एकाच बटणासाठी दोन्ही बाजूंनी वेगवेगळं काम. बटणांवर बरेचदा सिंहाचं तोंड असतं, तिची रास सिंह होती (जन्म १९ ऑगस्ट १८८३). खिसेही खरे, हात जाईल असे.

वैदेही_नागपूर

मस्त धागा. मला त्या गुलाबी सूटबद्दल विचारायचं आहे. २२ नोव्हेंबर १९६३ ला डॅलसमध्ये, राष्ट्राध्यक्ष केनेडींची हत्या झाली त्या दिवशी, जॅकी केनेडींनी घातलेला. बातम्यांत सरसकट 'शनेल सूट' म्हणतात, पण तो पॅरिसला शिवलेला नव्हता असं वाचलंय. मग तो खरा म्हणायचा की नक्कल?

लंडनकर_ऋतुजा

वैदेही, तो न्यूयॉर्कच्या शे निनाँ नावाच्या दुकानात शिवला होता. डिझाइन शनेलच्या १९६१ च्या हिवाळी कलेक्शनमधलं. कापड, बटणं, कडेची पट्टी हे साहित्य पॅरिसहून आलं आणि शिलाई अमेरिकेत झाली. तेव्हा ही रीतसर पद्धत होती. अमेरिकन दुकानदार पॅरिसच्या शोला प्रवेशासाठी ठरावीक रक्कम भरत, नमुने विकत घेत आणि परत जाऊन ओळीबरहुकूम प्रती शिवत. न्यूयॉर्कचं ओरबाक्स हे दुकान तर त्यासाठीच प्रसिद्ध होतं.

केनेडींच्या बाबतीत कारण राजकीयही होतं. १९६० च्या निवडणुकीत त्यांच्या फ्रेंच कपड्यांवर टीका झाली होती. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीने अमेरिकेत शिवलेलं घालावं अशी अपेक्षा होती, आणि हा त्यातून काढलेला मार्ग.

आपल्यासाठी एक दुवा: ऑक्टोबर १९६२ मध्ये जयपूरचे महाराज आणि महाराणी गायत्रीदेवी वॉशिंग्टनला आले, तेव्हाही जॅकी केनेडींनी हाच सूट घातला होता. गायत्रीदेवींची आई म्हणजे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची कन्या इंदिराराजे. फ्रेंच शिफॉनची साडी आपल्या राजघराण्यांत रुळवणार्‍या त्याच. त्या भेटीत शिफॉनची आणि ट्वीडची अशा दोन्ही परंपरा समोरासमोर आल्या.

वैदेही_नागपूर

ऋतुजा, धन्यवाद, हे इंदिराराजेंचं माहीत नव्हतं. आणि तो सूट आता कुठे आहे?

लंडनकर_ऋतुजा

अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, मेरीलँडमध्ये. त्या दिवशी त्यांनी तो बदलायला नकार दिला, विमानात नवे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या शपथविधीलाही त्याच रक्ताळलेल्या कपड्यांत उभ्या राहिल्या. सूट कधीच धुतला गेला नाही. कॅरोलाइन केनेडी यांनी २००३ मध्ये केलेल्या दानपत्रानुसार २१०३ पर्यंत तो लोकांना दाखवायचा नाही. टोपी मात्र हरवली.

मला हा निर्णय पटतो. एका बाईच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट दिवस काचेच्या पेटीत ठेवून तिकीट लावायची गरज नाही.

टाकेवाली

अगदी मनातलं लिहिलंत.

खरा की नक्कल यावर माझं मत सांगते. साहित्य तेच, नमुना तोच, परवानगी घेतलेली, तर मी त्याला नक्कल म्हणणार नाही. पण मी त्याला ओत कुतूरही म्हणणार नाही. तो शब्द फ्रान्समध्ये १९४५ पासून कायद्याने राखलेला आहे. कोण वापरू शकतो याची यादी दरवर्षी ठरते. कार्यशाळा पॅरिसमध्ये हवी, पूर्ण वेळ कारागीर हवेत, गिर्‍हाइकाच्या मापाने शिवून अंगावर घालून बघणं हवं, वर्षातून दोनदा कलेक्शन हवं. शे निनाँच्या शिंप्यांनी सुंदर काम केलं, त्यांच्या कामाला त्यांचं नाव मिळालं असतं तर जास्त बरं झालं असतं. सगळं श्रेय 'शनेल' या एका पाटीला जातं, हे मला खटकतं. र्‍यू काँबाँवरही बाही उसवायला सांगणारी एक होती आणि ती रात्री बसून पुन्हा लावणार्‍या बायका कितीतरी. त्यांची नावं बहुतेक कुणाला माहीत नाहीत.

इतिहास_वाचक

धागा चांगला चाललाय, म्हणून थोडं अवघड विचारतो. शनेलच्या युद्धकाळातल्या वागण्याबद्दल कुणीच काही लिहिलं नाही. ती पॅरिस जर्मनांच्या ताब्यात असताना रित्झ हॉटेलात राहिली, फॉन डिंकलागे या जर्मन अधिकार्‍याबरोबर तिचे संबंध होते. १९४१ मध्ये तिने ज्यूविरोधी कायद्यांचा आधार घेऊन व्हेर्टहायमर बंधूंकडून अत्तराची कंपनी आपल्याकडे घ्यायचा प्रयत्न केला. ते ज्यू होते, अमेरिकेत गेले होते, आणि त्यांनी आधीच कंपनी आमियो नावाच्या बिगरज्यू उद्योजकाच्या नावे करून ठेवली होती म्हणून तिचा डाव फसला. १९३९ मध्ये कुतूर बंद केलं तेव्हा कारागीर बायकांना घरी पाठवलं ते वेगळंच. ज्या बायकांची नावं कुणाला माहीत नाहीत म्हणून तुम्हाला हळहळ वाटते, त्यांच्याशी ती अशी वागली.

टाकेवाली

इतिहास_वाचक, तुम्ही लिहिलेलं सगळं खरं आहे आणि ते धाग्यात असायलाच हवं. १९५४ मध्ये परत यायला पैसा लावला तो त्याच पिएर व्हेर्टहायमर यांनी, ही त्यातली आणखी विलक्षण गोष्ट. त्यांच्या दृष्टीने अत्तराची विक्री टिकवायला तिचं नाव चालतं राहणं गरजेचं होतं.

मी शनेल या व्यक्तीची भलामण करत नाही. वर्गात मुलींना हा मुंढा शिकवते तेव्हा हा भागही सांगते. १९४१ चं तिचं कृत्य नीच होतं, त्याला दुसरा शब्द नाही. मुंढ्याचं शास्त्र मात्र तिच्या मालकीचं नाही. ते ज्यांनी हाताने करून पिढ्यान्‌पिढ्या पुढे दिलं त्या शिंप्यांचं आहे, आणि ते शिकणं मी सोडणार नाही.

इतिहास_वाचक

हे मला मान्य आहे. एवढं स्पष्ट लिहिल्याबद्दल आभार.

गिरगावची_सुमा

मुंढ्याचा विषय निघालाय तर बालेन्सियागा या डिझायनरला विसरू नका. स्पेनमधल्या गेतारियाचा, आई शिवणकाम करणारी, स्वतः कापायला आणि शिवायला बसणारा माणूस. त्याच्या बाह्या बघताना बाही कुठे सुरू होते ते सापडत नाही. १९५१ मध्ये त्याने सूट काढला तो पुढून अंगालगत आणि पाठीमागे सैल. पोक असलेल्या, वय झालेल्या बाईलाही तो शोभायचा. १९६८ मध्ये त्याने आपलं फॅशन-घर बंद करून टाकलं. मला विचाराल तर सूटच्या कापणीत तो शनेलच्याही वर.

दुसरं, कारागिरांच्या नावांबद्दल. आज पॅरिसच्या मोठ्या फॅशन-घरांचं बरंच भरतकाम आपल्या मुंबईत होतं. ३० मार्च २०२३ ला दिओरने गेटवे ऑफ इंडियासमोर शो केला तो चाणक्य या मुंबईच्या भरतकामाच्या कार्यशाळेबरोबरच्या कामामुळे. त्या दिवशी निदान कारागिरांच्या शहराचं नाव जगासमोर आलं. त्याआधी वर्षानुवर्षं ते आतल्या बाजूलाच राहिलं होतं, तुमच्या त्या साखळीसारखं.

टाकेवाली

सुमाताई, बालेन्सियागावर तुम्हीच धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देते. त्याची पाठ सैल सोडण्याची युक्ती आपल्याकडच्या पन्नाशीपुढच्या बायकांच्या जाकिटांना फार उपयोगी आहे.

पैठणी_प्रेमी

मी व्यवहारातला प्रश्न विचारते. परदेशात राहणार्‍या माझ्या बहिणीने एका लिलावाच्या साइटवर 'विंटेज शनेल ओत कुतूर स्कर्ट सूट, १९६०' असं बघितलं आणि घ्यायच्या विचारात आहे. फोटोत जाकीट, स्कर्ट आणि आतला ब्लाउज असे तिन्ही आहेत. काय तपासावं?

लंडनकर_ऋतुजा

सगळ्यात आधी एक साल लक्षात ठेवा: १९७८. शनेलचे तयार कपडे त्या वर्षी सुरू झाले. म्हणजे खरोखर १९६० चा सूट असेल तर तो एकतर र्‍यू काँबाँवर मापाने शिवलेला, किंवा परवानगीने बाहेर शिवलेला, किंवा सरळ नक्कल. त्या काळात नकला भरपूर झाल्या, आणि शनेलला त्याचा इतरांइतका रागही येत नसे. त्यामुळे 'दिसतो तसाच' याला काही अर्थ नाही. लेबल हाताने टाचलेलं आहे का आणि त्याखाली फितीवर क्रमांक आहे का ते विचारा. आणि विकणार्‍याकडून आतल्या बाजूचे फोटो मागवा. द्यायला टाळाटाळ केली तर सोडून द्या.

टाकेवाली

ऋतुजाने सांगितलं त्यात भर घालते. आतल्या फोटोंत हे बघायचं: अस्तरावरच्या टिपा कडेच्या आधी थांबतात का. नकलेत त्या थेट शिवणीत घुसलेल्या असतात, कारण मग हाताने तुरपायचे कष्ट वाचतात. बाहीला तीन शिवणी आहेत का. खिशाच्या पट्टीवरचा चौकडा जाकिटाच्या चौकड्याशी जुळतो का. ब्लाउज आणि जाकिटाचं अस्तर एकाच रेशमाचं आहे का, तसा जोड शनेलमध्ये नेहमी आढळतो. स्कर्टच्या झिपला हाताने बारीक टाके आहेत का. शिवणीत माया, म्हणजे जादा कापड, किती सोडली आहे तेही बघा. कुतूरमध्ये माया सढळ असते, बाईचं अंग बदललं तर सूट परत सोडता यावा म्हणून. नकलेत कापड वाचवलेलं दिसतं.

आणि बहिणीला एक सांगा. असा सूट कुणा दुसर्‍या बाईच्या मापाने शिवलेला आहे. तिचा एक खांदा खाली असेल तर जाकीटही तसंच कापलेलं असणार. घालायचा विचार असेल तर खांद्याचं आणि पाठीचं माप आधी जुळवून बघावं. कंबर सोडता येते, पण मुंढा वर घेता येत नाही, त्याला कापडच उरत नाही.

पैठणी_प्रेमी

खूप उपयोग झाला. बहिणीने आतले फोटो मागवलेत. दोन शंका अजून: घरी आणला तर ठेवायचा कसा? आणि लोकरीला कसर लागते त्याचं काय? ती काही महिने मुंबईतही राहते.

टाकेवाली

हँगरवर कायमचा टांगू नका. साखळीचं वजन सतत खाली ओढत राहतं आणि जुनं रेशीम आधीच कमजोर झालेलं असतं, ते टिपांच्या रेघांवरच फाटायला लागतं. आडवा ठेवायचा, बाह्यांत आणि घडीत आम्लरहित पातळ कागदाचे बोळे भरायचे, म्हणजे मोड बसत नाही. साखळी रेशमाला घासू नये म्हणून मधे जुन्या, बर्‍याचदा धुतलेल्या मलमलची पट्टी घालायची. साखळी काळी पडली असली तरी जागेवर पॉलिश लावू नका, ते कापडात उतरतं.

डांबराच्या गोळ्या कापडाला टेकवायच्या नाहीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत तर अजिबात नको, मुंबईच्या पावसाळ्यात आत दमटपणा कोंडतो आणि बुरशी धरते. सुती अभ्रा चालेल. कसरीची अंडी काखेत, कॉलरखाली आणि खिशाच्या तळाशी असतात, कारण तिथे घाम राहिलेला असतो. दर दोन-तीन महिन्यांनी सावलीत उघडून त्या जागा मऊ ब्रशने झटकायच्या. ड्रायक्लीनला शक्यतो देऊच नका. द्यावाच लागला तर बटणं आधी काढून घ्या, आणि साखळी उसवावी लागली तर प्रत्येक टाका कुठे होता त्याचा फोटो काढून ठेवा. परत लावताना कडी उताणी पडली तर काठ पिरगळतो.

फोटो आले की इथे टाका. बाहीच्या आतली बाजू नक्की टाका, ती बघायची आहे.